परडं नवं करण्याआधी

घरामागच्या परड्यात बसाउठायला नीट जागा करायची असं ठरलं, की घरात सगळ्यात आधी झोपाळ्याची आणि खुर्च्यांची चर्चा सुरू होते. माझ्या यादीत पहिली वस्तू छत्री आहे. जुलैत तरणा आणि म्हातारा पाऊस (पुनर्वसू आणि पुष्य नक्षत्रांतला) कोल्हापूरला झोडपत असतो, तेव्हा छत्री घेऊन परड्यात अर्धा तास उभं राहायचं आणि पाणी कुठनं येतं, कुठं थांबतं, कुठनं बाहेर पडतं ते बघायचं. शेजारच्या पत्र्यावरचं पाणी आपल्या हद्दीत पडतं का, हौदाशेजारी डबकं किती दिवस टिकतं, भिंतीचा कुठला पट्टा श्रावणापर्यंत ओला राहतो, हे सगळं मोबाइलवर टिपून ठेवा. हा पावसाळा हातचा गेला असेल, तर छतावरच्या टाकीचा पाइप सोडून तेवढंच बघता येतं, पण खऱ्या पावसाची सर त्याला नाही.

हे मी पोळल्यावर सांगतेय. आमच्या कळंब्याकडच्या घरी पहिल्यांदा फरशी घातली ती भर एप्रिलमध्ये, कोरड्या अंगणात, दिसायला सुंदर. उतार स्वयंपाकघराच्या भिंतीकडं गेला होता, ते जूनमध्ये कळलं. दोन पावसाळे भिंतीचा गिलावा सुटत राहिला आणि शेवटी निम्मी फरशी उखडावी लागली. दुसऱ्या वेळी आलेल्या गवंडीमामांनी टेप बाहेर काढायच्या आधीच विचारलं, "वैनी, पाणी कुठनं काढायचं ते आधी सांगा, फरशीचं मग बघू." माझी सगळी यादी त्या एका वाक्यामागं लावलेली आहे.

पाण्याचा हिशोब साधा आहे. हजार चौरस फुटांच्या छतावर एक इंच पाऊस पडला, तर जवळपास २,३५० लिटर पाणी होतं. छताचे पाइप परड्यातच सोडलेले असतील, तर एवढं पाणी वाहून न्यायला गटार किंवा चर हवा, नाहीतर ते साठवायला टाकी हवी. उतार दर आठ फुटांना एक इंच ठेवला, तर पाणी थांबत नाही आणि खुर्चीही डुगडुगत नाही. तो नजरेनं ठरवू देऊ नका. गवंड्याकडं पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल ट्यूब असते, ती तुमच्या समोर लावायला सांगा. शोषखड्डा घ्यायचा विचार असेल, तर आधी फूटभर खोल खड्डा काढा, काठोकाठ पाणी भरा आणि संध्याकाळी जाऊन बघा. पाणी तसंच असेल तर खाली काळी माती आहे. तिथं शोषखड्डा भरून वाहणार, आणि फरशीही टिकणार नाही, कारण काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ती नऊ इंच तरी उकरून तिथं मुरूम भरा, पाणी मारून चोपणीनं दाबून घ्या. पाचगाव-आर. के. नगरकडं बऱ्याच जणांना मुरूम वरच लागतो, त्यांचं हे काम वाचतं.

नदीकाठच्या लोकांसाठी यादी वेगळी सुरू होते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये ती कितीतरी वर गेली. शाहूपुरीची कुंभार गल्ली, दुधाळी, नागाळा पार्क, बावडा इथल्या घरांच्या भिंतींवर पाण्याची रेघ अजून दाखवतात. अशा घरी परड्यातले सगळे वीजबोर्ड त्या रेघेच्या वर घ्या, प्लायवूडचं काहीही करू नका, आणि जे तरंगू शकतं ते बांधता येईल अशी एक लोखंडी कडी भिंतीत आधीच बसवून घ्या. दगडी कट्टा गाळ धुतला की पुन्हा तसाच उभा राहतो.

पावसानंतर ऊन बघायचं. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याअखेर कोल्हापुरात दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, खांबाची सावली खांबाच्या पायाशीच राहते. म्हणजे भर दुपारी वरचं छप्पर कामाचं; पण माणूस परड्यात बसतो चार-पाचनंतर, आणि तेव्हाचं ऊन पश्चिमेकडून आडवं येतं. त्याला वरचं छप्पर अडवू शकत नाही, पश्चिमेला वेल, चटई किंवा झाडच लागतं. पावसाचा मारासुद्धा त्याच बाजूनं येतो, म्हणून शेडची पश्चिमेची कड खाली उतरती घ्या. डिसेंबरमध्ये मात्र दुपारचं ऊन दक्षिणेकडून तिरपं येतं आणि हवंहवंसं असतं. दक्षिण बाजू शक्य तेवढी मोकळी राहू दे. आमच्या सासूबाई थंडीत तिथंच हरभऱ्याची भाजी निवडत बसतात.

आता माणसं. कोण किती वेळ परड्यात असतं हे एक आठवडा बघा. आमच्याकडं धुण्याचा दगड काढून तिथं फुलझाडं लावायचं चाललं होतं. लक्षात आलं, रोज सकाळी पाऊण तास त्या दगडापाशीच जातो, आणि शेजारच्या काकींशी कुंपणावरनं बोलणंही तिथंच होतं. दगड राहिला. त्याच्यावर सावली आली आणि सांडपाण्याला अळू-केळीकडं वाट करून दिली. जुन्या पेठेतल्या घरांत आड असतो. तो बुजवू नका, गाळ काढून वर लोखंडी जाळी घाला.

चूल हा कोल्हापूरकरांच्या परड्याचा जीव, म्हणून तिच्यावर थोडं जास्त लिहिते. वीस माणसांचा तांबडा-पांढरा करायचा तर दोन मोठी पातेली एका वेळी चढतात, तेव्हा दुहेरी चुलीला साडेचार-पाच फूट लांबी धरा आणि बाजूला पातेलं उतरवायला तेवढाच रिकामा कट्टा. उंची गुडघ्याएवढीच हवी. कमरेएवढ्या ओट्यावर मोठं पातेलं ढवळताना खांदे जातात. नळ चार पावलांवर, जळण ठेवायला जमिनीपासून वीतभर वर कोरडी फळी. जागा पक्की करण्याआधी तीन-चार संध्याकाळी तिथं शेणी पेटवून धूर कुठं जातो ते बघा. तो शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर किंवा आपल्याच खिडकीत जात असेल, तर चूल हलवा. खाली दोन विटांचा थर देऊन तात्पुरती चूल मांडून एकदा पाहुणे जेवू घालायचे, मगच पक्कं बांधकाम.

कागदपत्रांचं थोडक्यात. झाड तोडायचं असेल, तर आपल्या आवारातलं असलं तरी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. महाराष्ट्रात त्याचा कायदा १९७५ पासून आहे. पक्कं छत घालण्याआधी नगररचना विभागात विचारून घ्या, आणि कुंपणाची भिंत उंच करायची तर आधी शेजाऱ्यांच्या घरी चहाला जा.

माप घेताना वहीत चौकटी आखून एक चौकट एक फूट धरा. ड्रेनेजची झाकणं, पाण्याची लाइन, जुनी मुळं, दार उघडल्यावर लागणारी जागा, सगळं त्यात उतरवा. मालाचा अंदाज लगेच येतो: तीनशे चौरस फुटांवर चार इंच मुरूम म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे एक ब्रास. बोळ किती रुंद आहे तेही मोजा. ट्रॉली आत येत नसेल, तर माल रस्त्यावर पडणार आणि पाट्यांनी वाहायची मजुरी वेगळी. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या कारखान्याच्या कामात गुंतलेल्या असतात, त्यामुळं मुरूम आणि शेणखत आधीच सांगून ठेवावं लागतं. गवंडीकाम मजुरीवर की मालासकट, दर चौरस फुटाचा की रनिंग फुटाचा, राडारोडा कोण उचलणार, हे कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. ओळखीतल्या माणसाशी तर नक्कीच.

फरशीबद्दल माझं मत ठाम आहे: परड्यात चकचकीत काही नको. गुळगुळीत कोट्यावरनं पावसात पाय घसरतो. खडबडीत शहाबाद किंवा चालण्यापुरते ६० मिलिमीटरचे पेव्हर ब्लॉक बरे. ब्लॉकच्या फटीतून थोडं पाणीही मुरतं. जांभा मला आवडतो, पण सावलीत त्याच्यावर शेवाळ धरतं, म्हणून तो वाटेला न लावता कट्ट्याला लावा. कट्टा सोळा ते अठरा इंच उंच, तेवढाच रुंद. काँक्रीट झाल्यावर सात दिवस तरी पाणी मारायला घरातलं एक माणूस ठरवून ठेवा.

फरशीच्या आधी जमिनीखालचं सगळं संपलं पाहिजे: गटाराचा पाइप, नळाची लाइन, विजेची आर्मर्ड केबल. पुढं लागेल म्हणून दोन इंची एक रिकामा पाइप फरशीखालून आरपार टाकून ठेवा. बाहेरच्या विजेला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय वायरमनला पैसे देऊ नका. ओल्या पायांनी बटण दाबणारी माणसं आपलीच असतात. दिवे पिवळट आणि कमी उंचीवर घ्या. कुंड्यांखालच्या बशा, जुने टायर, उघडी पिंपं यातलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून कोरडं करता येईल अशीच मांडणी हवी, कारण डेंगीच्या डासाची अंड्यापासून उडण्यापर्यंतची वाढ साधारण आठ-दहा दिवसांत होते.

बांधकाम एप्रिलअखेर आवरा. वळीव सुरू झाला की ओला गिलावा आणि उघडा सिमेंटचा ढीग दोन्ही जातात. झाडांना घाई नको. मे महिन्यात खड्डे काढून तापू द्या, शेणखत-पोयट्यानं भरा, आणि ७ जूनच्या सुमारास मृग नक्षत्र लागून दोन चांगल्या सरी पडल्या की लावा. सोनचाफ्याचं कलम, लिंबू, कढीपत्ता, गवती चहा, पश्चिमेच्या मांडवावर मधुमालती. आंब्याचं कलम भिंतीपासून दहा फुटांच्या आत लावू नका. मधुमालतीला मांडव भरायला वेळ लागतो, तोवरचा पहिला उन्हाळा हिरव्या जाळीखाली काढावा लागेल. ती जाळी आणि बांधायची सुतळी मुरमाच्या यादीबरोबरच लिहून ठेवा, आणि खुर्च्यांचं दुकान त्यानंतर.