घराचं वेळापत्रक बदललं की मांजर बिथरतं: या चुका टाळा

घरून काम करण्याचे दिवस संपले, माझं ऑफिस पुन्हा सुरू झालं आणि त्याच आठवड्यात आम्ही दिवाळीची साफसफाई काढली. चौथ्या दिवशी आमच्या गुंड्याने घडी घालून ठेवलेल्या गोधडीवर शू केली. घरातले म्हणाले, "तू जातेस ना, राग काढतोय." मलाही ते पटलं आणि मी त्याच्यावर ओरडले. ती माझी सगळ्यात मोठी चूक.

मांजर सूड उगवायला असं करत नाही. ताणामुळे मांजराच्या मूत्राशयाला सूज येऊ शकते. लिटर बॉक्समध्ये, म्हणजे त्याच्या शी-शूच्या डब्यात बसलं की दुखतं, म्हणून ते मऊ जागा शोधतं. त्यामुळे मांजर अचानक बाहेर शू करायला लागलं, तर आधी डॉक्टर गाठा. बोका असेल तर जास्तच लक्ष ठेवा, कारण त्याची मूत्रनलिका अरुंद असते. तो सारखा बॉक्समध्ये जाऊन कुंथतोय, ओरडतोय आणि थेंबही येत नाहीये, असं दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. मार्ग पूर्ण बंद झाला तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. गुंड्याला नुसती सूज होती, औषधाने उतरली.

डॉक्टरांनी घरात काय काय बदललं ते विचारलं, तेव्हा साफसफाईचा विषय निघाला. मांजर सोफ्याला, दाराच्या कडेला गाल घासतं तेव्हा गालाजवळच्या ग्रंथींचा वास तिथे सोडतं. त्या वासावरून त्याला घर आपलं वाटतं. आम्ही एकाच दिवशी पडदे, अभ्रे, त्याचं अंथरूण, सगळं धुऊन टाकलं होतं आणि फरशी फिनेलने पुसली होती. माणूस दिवसभर गायब आणि घरही परक्याचं! आता मी एका वेळी एकाच खोलीला हात लावते आणि त्याचं एक अंथरूण तसंच राहू देते. फिनेल तर घरातून बादच केलं. त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत, आणि पंजे चाटताना ती थेट पोटात जातात. शूचे डाग एन्झाइमवाल्या क्लीनरने काढा. अमोनिया असलेल्या क्लीनरचा वास मांजराला शूसारखाच वाटतो आणि ते पुन्हा तिथेच जातं.

जेवणाच्या वेळेतही मी घाई केली. साडेनऊचं खाणं एका दिवसात सातवर आणलं. खरं तर ऑफिस सुरू व्हायच्या दहा दिवस आधीपासून रोज पंधरा मिनिटं अलीकडे घ्यायला हवं होतं. रविवारीही तीच वेळ पाळा, मांजराला सुट्टी कळत नाही. संध्याकाळी आल्या आल्या बशी भरू नका. मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त चपळ असतं, म्हणून आधी दहा मिनिटं दोरीमागे पळवा आणि मग वाढा. शिकार, जेवण, झोप हा त्याचा मूळचा क्रम आहे. तो जमला की रात्रीचं ओरडणंही कमी होतं.

"भूक लागली की खाईल झक मारत" हे मांजराच्या बाबतीत धोक्याचं आहे. पूर्ण दिवस तोंड लावलं नाही तर डॉक्टरांना फोन करा. उपाशी राहिल्यावर, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून ते निकामी होऊ शकतं. रुसवा काढायला दूध देऊ नका. बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात. मरगळलंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर कधीच नको, मांजराला ती विष आहे.

पाहुणे आले तर पलंगाखालून ओढून काढून कुणाच्या मांडीवर ठेवू नका. एक खोली, एक खोका, पाणी आणि लिटर बॉक्स तिथेच असू द्या.

आता ऑफिसला निघताना मी आदल्या दिवशीचा कुर्ता धुवायला न टाकता गुंड्याच्या खोक्यात ठेवते. सुरुवातीला तो त्याच्याकडे बघायचाही नाही. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी पाहिलं, तर कुर्ताभर त्याचे केस होते आणि मधोमध झोपल्याचा गोल खळगा, अजून कोमट.