पुराच्या मदतीला निघताना: तालमीतल्या पोरांसाठी

कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की शहरात गल्लोगल्ली एकच चौकशी सुरू होते, धोक्याची ४३ फूट कधी? धोका पातळी ओलांडली की तालमीत आणि मंडळात पोरं जमतात, कुणी टेम्पो आणतो, कुणी मोठी पातेली. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत जिल्ह्यानं हे पाहिलंय. मनापासून राबणाऱ्याची फजिती मात्र पाण्यात कमी होते आणि पाणी ओसरल्यावरच्या पंधरा दिवसांत जास्त. यादीवरून भांडण, पैशांवरून संशय, घरच्यांची बोलणी, वरून ताप. बहुतेक वेळा कारण साधं असतं: जे तालमीत बसून ठरवायचं, ते टेम्पोच्या फाळक्याजवळ गर्दीत उभं राहून ठरवलं जातं.

यादी

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. रेशनकार्डावरून केलेली यादी सोपी पडते, पण त्यात भाडेकरू नसतात, परगावहून आलेले मजूर नसतात आणि एकाच घरात दोन चुली असतील तर त्यातली एक सुटते. सासरपासून वेगळी राहणारी विधवा बाई तर हमखास सुटते. म्हणून मोजायचं ते चुलीवर, कार्डावर नाही. गल्लीतल्या चुली सगळ्यात बरोबर माहीत असतात त्या आशाताईंना आणि अंगणवाडी सेविकेला. त्यांच्यासोबत दोघांनी एकदा गावातून फिरायचं. चुलीमागे चार गोष्टी लिहायच्या: माणसं किती, तान्हं बाळ किंवा गरोदर बाई आहे का, अंथरुणाला खिळलेलं कुणी आहे का, जनावरं किती. सध्या पाहुण्यांकडे किंवा निवारा केंद्रात असलेल्यांची नावंही घ्यायची. परतल्यावर त्यांच्याच घरात काही नसतं.

यादी तयार झाली की ती चावडीवर किंवा देवळाच्या भिंतीवर चिकटवा आणि संध्याकाळपर्यंत हरकतीला वेळ द्या. सरपंचांनी ‘आपली’ माणसं वर घातली असतील, तर ते तुम्ही बोलून दाखवायची गरज पडत नाही, गाव बोलतं. त्यानंतर प्रत्येक चुलीला नंबर आणि शिक्का असलेली चिठ्ठी द्या. शिक्का नसेल तर चिठ्ठ्या हातानं लिहून काढल्या जातात आणि दुपारपर्यंत दीडशेच्या एकशे ऐंशी होतात.

आता अवघड प्रसंग. गावात १८० चुली आणि तुमच्याकडे शिध्याच्या १२० किट. ‘आधी येतील त्यांना’ असं केलंत की दणकट माणसं घेऊन जातात आणि उरलेल्या साठ घरांच्या लेखी तुम्ही चोर ठरता. अशा वेळी किट फोडा आणि सगळ्यांना पुरेल अशी एकच वस्तू द्या, किंवा सगळी जमेपर्यंत जाऊच नका. गाडीवरून वाटणं तर पूर्ण टाळा. चार पोरांची एक टोळी, एकेक गल्ली, घरपोच, चिठ्ठी घेऊन सही. वेळ दुप्पट लागतो, पण रेटारेटी होत नाही. रस्त्यात कुणी गाडी अडवली तर वाद घालू नका. ‘मामा, आज यादीतलंच देणार. तुमचं नाव लिहून घेतो, पण मिळेलच असं सांगत नाही,’ एवढं बोला. ‘बघतो, करू कायतरी’ हे वाक्य तोंडातून काढू नका. ऐकणारा ते वचन म्हणून घरी नेतो.

आणखी एक: महामार्गालगतच्या गावाला गाडी सहज पोचते, म्हणून तिथं मदतीचा ढीग होतो. शिरोळ तालुक्यात कृष्णा-पंचगंगेच्या संगमाकडच्या गावांत पाणी उशिरा उतरतं आणि तोवर शहरातला उत्साहही उतरलेला असतो. जायचं गाव ठरवण्याआधी तलाठ्याला किंवा ग्रामसेवकाला फोन करून काय आलंय आणि काय नाही, ते विचारा.

किटमध्ये काय

पाणी घरात असताना किंवा नुकतंच उतरलेलं असताना कच्चा शिधा उपयोगाचा नाही. शेगडीत गाळ, सिलिंडर वाहून गेलेला. पहिले तीन दिवस भडंग, चिरमुरे, फुटाणे, बिस्किटं, पाण्याचे कॅन आणि जमलं तर गरम जेवण. घर धुऊन झाल्यावर शिधा. चार माणसांच्या आठवड्याला तांदूळ ५ किलो, बंद पिशवीतलं पीठ ५ किलो, तूरडाळ १ किलो, तेल १ लिटर, साखर १ किलो, मीठ १ किलो, चहापूड आणि कांदा-लसूण चटणी प्रत्येकी पाव किलो, शिवाय साबण, मेणबत्त्या, काडेपेटी, सॅनिटरी पॅड. वजन १६ किलोच्या आसपास जातं. म्हणजे छोट्या हत्तीत (लहान मालवाहू टेम्पोत) ४५ किट; त्याहून जास्त भरलंत तर ओल्या रस्त्यावर चाक रुततं. सुटं पीठ घेऊ नका, दमट हवेत दोन दिवसांत गुठळ्या होतात. जुने कपडे तर मुळीच घेऊ नका. ते निवडायला दहा माणसं अडकतात आणि शेवटी त्यांचा ढीग गावालाच उचलावा लागतो.

वैरणीचा विचार कुणी पटकन करत नाही. म्हशी सोडून माणसं घर सोडत नाहीत, हे इथल्या पुराचं जुनं दुखणं आहे. एका म्हशीला दिवसाला २० किलोच्या आसपास ओली वैरण आणि ४-५ किलो कडबा धरा. पुरात बुडालेला, कुजका वास मारणारा चारा घालू नका.

पैसा

वर्गणी काढायची तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते. गणपतीसाठी कलम ४१-क खाली काढलेली परवानगी त्या कामापुरती आणि मुदतीपुरती असते. तेच पावतीपुस्तक पुराला वापरू नका. सोपा मार्ग असा, की देणाऱ्यानं थेट किराणा दुकानदाराला पैसे द्यावेत आणि बिलाचा फोटो ग्रुपवर टाकावा. एखाद्या पोराच्या स्वतःच्या यूपीआयवर पैसे घेतलेत, तर पोरगं कितीही सच्चं असो, महिन्याभरात ‘खाल्ले’ हा शब्द येतो आणि त्याच्याकडे दाखवायला काही नसतं. करसवलत मागणाऱ्याला नोंदणीकृत संस्थेकडे पाठवा. ८०जी ची सवलत २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, हेही सांगून ठेवा. हिशोब एकानं लिहायचा, रोकड दुसऱ्याकडे, आणि रोज रात्री जमा, खर्च, शिल्लक असे तीन आकडे ग्रुपवर. पोरांचं पेट्रोल आणि चहा त्यातच उघडपणे लिहा. लाजून खिशातून घालणारा पोरगा पाचव्या दिवशी यायचा बंद होतो.

पोस्टरवर फोटो कुणाचा, हा प्रश्न येणारच. देणाऱ्याचं नाव तालमीच्या फळ्यावर लिहू, किटवर आणि गाडीवर नाही, हे पैसे घेण्याआधीच सांगून टाका.

गाळ काढताना

आधी घराचे फोटो: पाण्याची रेघ, भिजलेलं धान्य, पडलेली भिंत. पंचनामा झालाय का, हे घरमालकाला विचारल्याशिवाय एक घमेलंही उचलू नका. तुमच्या स्वच्छतेनं त्याचा पुरावा वाहून जातो. मेन स्विच बंद आहे का, ते बघा. मीटर भिजला असेल तर वायरमन आल्याशिवाय चालू करायचा नाही. गाळ ओला असतानाच काढा, वाळला की खोऱ्याऐवजी कुदळ लागते. अडगळ उचलण्याआधी काठीनं हलवा, खाली साप असतो. फरशी धुऊन झाल्यावरच ब्लीचिंग पावडर: ताजी असेल तर लिटरला ३० ग्रॅम. गाळावर मारलेली पावडर वाया जाते. संडास साफ करायच्या अ‍ॅसिडसोबत ती कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

गमबूट आणि हातमोजे नसतील तर त्या पोराला यादीच्या कामाला बसवा. पायाला जखम असेल तरी तेच. धनुर्वाताचं इंजेक्शन आधी घेऊन ठेवा. लेप्टोपासून (घाण पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) बचावाची गोळी घ्यायची का, ते आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा. मेडिकलमधून परस्पर घेऊन वाटू नका. सलग दोन दिवस राबलेल्याला तिसऱ्या दिवशी घरी पाठवायचं, तो कितीही नको म्हणाला तरी. काम संपल्यावर तीन-चार आठवड्यांत कुणाला ताप आला, पोटऱ्या दुखल्या किंवा डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगायचं, की पुराच्या पाण्यात उतरलो होतो.