निष्काळजीपणाचा दावा करताय? या चुका टाळा

खड्ड्यात दुचाकी आदळली, सोसायटीच्या जिन्यातला कठडा निखळला, ऑपरेशननंतर तब्येत बिघडली. ‘यांच्यावर केसच टाकतो’ असं आपण संतापून म्हणतो, पण नुकसान झालं म्हणजे निष्काळजीपणा सिद्ध झाला असं गृहीत धरणं, हीच सगळ्यात मोठी चूक. कोर्टात तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: आपली काळजी घेण्याची कायदेशीर जबाबदारी समोरच्यावर होती, ती त्याने पाळली नाही आणि त्यामुळेच आपलं नुकसान झालं. बरेच दावे तिसऱ्या मुद्द्यावर अडखळतात.

यासाठी पुण्याचाच ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ हा खटला समजून घ्यावा. १९५३ च्या मे महिन्यात कोकणात पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं. उपचारासाठी त्याला पुण्यात आणलं आणि तिथे त्याचा मृत्यू झाला. पुरेशी भूल न देता, जास्त जोर लावून हाड बसवल्यामुळे तो शॉकमध्ये (रक्ताभिसरण कोलमडण्याच्या अवस्थेत) गेला, असं कोर्टांनी मानलं. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही वडिलांना मिळालेली ३,००० रुपयांची भरपाई कायम केली. रुग्ण दगावला एवढ्यावर हा निकाल लागला नाही. डॉक्टरने वाजवी कौशल्य आणि काळजी वापरली का, हे तपासलं गेलं. उपचाराला यश आलं नाही म्हणून डॉक्टर आपोआप दोषी ठरत नाही.

एफआयआर झाली म्हणजे भरपाई मिळेल, हाही गैरसमज. फौजदारी खटला शिक्षेसाठी असतो. भरपाईसाठी दिवाणी दावा, पैसे देऊन घेतलेल्या सेवेबद्दल ग्राहक आयोग किंवा वाहन अपघात असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरण, असे वेगळे मार्ग आहेत. आरोपी फौजदारीत सुटला तरी दिवाणी दावा तेवढ्याने संपत नाही, कारण तिथे पुराव्याची कसोटी तुलनेने सौम्य असते.

मुदतीकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. ग्राहक आयोगासाठी २ वर्षं आहेत. महापालिकेने कायद्याखाली केलेल्या कामाबद्दल दावा लावायचा तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ नुसार आधी लेखी नोटीस द्यावी लागते, महिनाभर थांबावं लागतं आणि दाव्याचं कारण घडल्यापासून ६ महिन्यांच्या आत तो दाखल करावा लागतो. वॉर्ड ऑफिसच्या खेपा घालण्यात हे महिने सहज निघून जातात. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये द्यावेत, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला आहे. पडलेल्या माणसाच्या घरच्यांना हे कोणी तरी सांगायला हवं.

पुरावा त्याच दिवशी गोळा करा. खड्डा रातोरात बुजवला जातो. नुसत्या खड्ड्याचा जवळून काढलेला फोटो पुरत नाही. आजूबाजूच्या दुकानाची पाटी दिसेल, बॅरिकेड नव्हतं हे कळेल, असा लांबूनही एक काढा. दुकानदाराला सीसीटीव्हीचं फुटेज जपून ठेवायला लगेच सांगा, कारण जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं.

स्वतःची चूक वकिलापासून लपवू नका. उलट्या दिशेने गाडी चालवत होतात हे समोरचा वकील काढणारच. त्यामुळे भरपाई त्या प्रमाणात कमी होऊ शकते, पण दावा बुडतोच असं नाही. आणि मेडिक्लेमला मूळ बिलं देण्याआधी प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढून घ्या, डिस्चार्ज कार्डाचीसुद्धा.