लाँगबो विकत घेण्याआधी

इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या संग्रहालयात मेरी रोझ या जुन्या युद्धनौकेवरची धनुष्यं पाहिली आणि ऐतिहासिक लढायांच्या प्रयोगात तसंच धनुष्य चालवायच्या हट्टाला मी पेटले. जहाज बुडालं 1545 साली. त्याच्या पोटातून 172 लाँगबो, म्हणजे लांब लाकडी इंग्लिश धनुष्यं, निघाले, एकेक जवळजवळ दोन मीटरचा. त्यांची ओढ, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला लागणारा जोर, 100 ते 185 पौंड असावी असा अभ्यासकांचा अंदाज. त्या भरात मी पहिलंच धनुष्य 55 पौंडांचं घेतलं.

तीन आठवड्यांत उजवा खांदा धरला. त्याहून वाईट म्हणजे ते धनुष्य मैदानावर चालणारच नव्हतं. ऐतिहासिक लढाई उभी करताना समोर खरी माणसं असतात. बाणांना रबराचं बोथट टोक असतं आणि ओढीला वरची मर्यादा. आमच्या गटात ती 35 पौंड आहे. म्हणून आधी गट शोधा, त्याचे नियम विचारा, आणि मगच पैसे काढा. शक्य असेल तर पहिले सहा महिने गटाचंच धनुष्य वापरा.

किती पौंडांचं धनुष्य घ्यावं हे ठरवायची माझी कसोटी सोपी आहे: दोरी पूर्ण ओढून हात न थरथरता तीन आकडे मोजता आले पाहिजेत. धनुष्यावर लिहिलेले पौंड बहुधा दोरी 28 इंचांपर्यंत ओढल्यावरचे असतात. तुम्ही 30 इंचांपर्यंत ओढत असाल तर हातावर त्याहून जास्त भार येतो, आणि लाकूड तेवढं वाकण्यासाठी घडवलेलं नसेल तर मोडतं.

लाकडात यू या सदाहरित झाडाचं सर्वांत देखणं. त्याचं बाहेरचं फिकट लाकूड ताण सोसतं, आतलं तांबूस लाकूड दाब. एकाच खोडात निसर्गाने दोन्ही जोडून दिलेले. इंग्लंडला हे लाकूड पुरत नव्हतं. 1472 च्या कायद्याने परदेशी मालाच्या दर टनामागे धनुष्याचे चार दांडे आणणं व्यापाऱ्यांना सक्तीचं केलं होतं. चांगला यू आजही महाग आहे. नवख्याने हिकरी या चिवट लाकडाची पाठ, म्हणजे समोरच्या बाजूची पट्टी, लावलेलं, पट्ट्या चिकटवून केलेलं धनुष्य घ्यावं. चुका सोसतं, आणि प्रेक्षकांच्या अंतरावरून शोभतंही.

आता हाताचं सांगते. लाँगबोला बाण टेकवायला खाच नसते. बाण थेट तुमच्या मुठीवरून जातो. माझ्या डाव्या तर्जनीच्या बुडाशी बारीक पांढरा वण आहे, तो पिसाच्या देठाचा. पिसाचं पुढचं टोक नीट तासून दोऱ्याने बांधलेलं नसलं की सुटताना कातडी उघडते. नवा बाण हाती आला की त्या टोकावरून बोट फिरवा. खरखरलं तर तो बाण बाजूला.

ओढणं हे दंडाचं काम नाही. ह्यू लॅटिमर या धर्मोपदेशकाने 1549 मध्ये राजापुढे प्रवचन करताना सांगितलं होतं, की इतरांसारखं हाताच्या जोरावर न ओढता अंग धनुष्यात कसं घालायचं हे वडिलांनी त्याला शिकवलं. मला हे कळायला वर्ष लागलं. दोरी मागे खेचत बसण्याऐवजी दोन हातांच्या मधे शिरायचं, पाठीची पाती जवळ येऊ द्यायची. ज्या दिवशी हे जमलं त्या दिवसापासून खांदा दुखला नाही.

मैदानात ‘फायर’ म्हणत नाहीत, तो बंदुकीचा शब्द. हुकूम येतो ‘लूज’, म्हणजे सोडा. मराठीत आपण बाण सोडतोच, त्यामुळे माझ्या तोंडी तो लगेच बसला. बाण लावायचा हुकूम मिळेपर्यंत दोरीला बाण लावायचा नाही, आणि बाण नसताना ओढलेली दोरी कधीही सोडायची नाही. बाणाने न्यायचा जोर मग लाकडातच उलटतो आणि धनुष्य तडकतं.

खेळ संपला की आधी दोरी उतरवा, मग शिरस्त्राण काढा. धनुष्य ओलं असेल तर पुसून आडवं ठेवा, चुलीजवळ किंवा गाडीच्या तापलेल्या डिकीत नको. आणि झोपण्याआधी बाणांची रबरी टोकं एकेक करून पिळून पाहा. सैल झालेलं टोक उद्या कुणाच्या तरी चेहऱ्यासमोर सुटणार असतं.