अमेरिकेतील बालमृत्यूंचे वांशिक आकडे कसे वाचावेत

अमेरिकेत २०२२ साली दर हजार जिवंत जन्मांमागे कृष्णवर्णीय मातांची सुमारे १०.९, तर श्वेतवर्णीय मातांची सुमारे ४.५ बाळे पहिल्या वाढदिवसापूर्वी दगावली. ही तफावत समजून घ्यायची असेल, तर प्रथम जन्म-मृत्यू जोडनोंदींची माहिती उघडावी. तीत बाळाचा मृत्युदाखला त्याच्याच जन्मदाखल्याशी जोडलेला असल्याने आईचा वंश, गर्भारपणाचे आठवडे आणि जन्मवजन एकाच ओळीत सापडतात. मग ३७ आठवड्यांपूर्वीचे जन्म वेगळे काढावेत, आणि त्यांतही २८ आठवड्यांच्या आतले निराळे मोजावेत, कारण संख्येने थोडे असूनही मृत्यूंचा मोठा वाटा त्यांचाच असतो. समान वजनगटांची तुलना करून थांबू नये. इतकी बाळे मुळात अपुऱ्या दिवसांची का जन्मतात, हा खरा प्रश्न आहे. आईचे शिक्षण आणि जन्मस्थानही तपासावे. इलिनॉय राज्यातील जन्मनोंदींवर १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आफ्रिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाळांची वजने अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीयांपेक्षा श्वेतवर्णीयांच्या बाळांशी अधिक जुळली. त्यामुळे ‘दोष रक्तातच आहे’ हे स्पष्टीकरण माझ्या मते टिकत नाही. छोट्या काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, बाबतीत मात्र एका वर्षाच्या आकड्यावर विसंबू नये, काही वर्षे एकत्र घ्यावीत.