औषधी तुळस : पाऊस उघडल्यावरची कापणी, वाळवण आणि वापरातली सावधगिरी

पाऊस उघडला की तुळशीला भराभर मंजिऱ्या येतात आणि खरेदीदारही मागे लागतात. तरी उघडीप मिळाल्याच्या पहिल्याच दिवशी विळा चालवू नका. ओल्या, ढगाळ हवेत तेलाचा उतारा घटतो, शिवाय ओला पाला ढिगात काळा पडतो. दोन-तीन दिवस चांगलं ऊन पडू द्या आणि सकाळचं दव उतरल्यावर कापणी करा.

पहिली कापणी लावणीनंतर साधारण 90 दिवसांनी, पुढच्या 65 ते 75 दिवसांच्या अंतराने. पाल्यासाठी मंजिरी नुकती निघू लागलेली बरी. तेल काढायचं असेल तर ऐन फुलोऱ्यापर्यंत थांबा. जमिनीपासून 15 ते 20 सेंमी वर कापा. फुटवे चांगले येतात आणि चिखल उडालेली बुडखी पानं मालात येत नाहीत.

जास्त चिंता फवारणीची. या दिवसांत पानं वरून फिकट, ठिपकेदार दिसली तर उलटून पाहा. खाली काळे चकचकीत ठिपके आणि जाळीदार पंखांचे बारीक किडे दिसले, तर तो लेस बग. ते ठिपके म्हणजे त्याची विष्ठा. अशा वेळी हाताशी असलेलं कपाशीचं औषध मारण्याचा मोह होतो, तो टाळा. हे पान लोक कच्चं चावून खातात, काढा करून लहान मुलांना देतात, आणि आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारं, कीटकनाशक धुऊन जात नाही. किडके शेंडे खुडून नष्ट करा, निंबोळी अर्क पानांच्या खालच्या बाजूला पोचेल असा फवारा. प्रादुर्भाव फारच वाढला तर तो प्लॉट औषधी मालातून वगळलेला परवडतो.

पाला सावलीत, वारा खेळेल अशा जागी पातळ थरात वाळवा. युजेनॉल हे वासाचं मुख्य द्रव्य उडून जाणारं आहे, त्यामुळे कडक उन्हात वजन उतरतं तसा वासही जातो. पान चुरगळताच भुगा व्हावं, काडी वाकण्याऐवजी मोडावी. बुरशीचा कुबट वास आलेला माल चांगल्यात मिसळू नका. सब्जा आणि रानतुळस ही वेगळी झाडं आहेत, त्यांचा पाला वेगळाच ठेवा.

आता गिऱ्हाईक विचारतंच, ‘कशावर चालते?’ सर्दी, खोकला, घसा यांसाठी तुळशीचा वापर जुना आहे. रक्तातली साखर आणि ताण यांवर झालेल्या अभ्यासांत काही आशादायक निष्कर्ष आहेत, पण ते बहुतेक छोटे आहेत. तेवढ्यावरून ‘मधुमेह बरा होतो’ असं पाकिटावर छापणं चूक. उलट साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने काढा, चूर्ण नियमित घेतलं तर साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावं, आणि ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी तुळशीचा काढा, चूर्ण बंद करावं. गरोदर बाई आणि मूल व्हावं म्हणून प्रयत्न करणारी जोडपी यांनी औषधी मात्रा टाळलेली बरी. प्राण्यांवरच्या प्रयोगांत प्रजननावर परिणाम दिसले आहेत. चार पानं चहात टाकणं आणि रोज चमचाभर अर्क घेणं, यांत फरक आहे.

तुळशीचं शुद्ध तेल कोणीही पोटात घेऊ नये, मुलांच्या तर हाती लागता कामा नये. युजेनॉल एवढ्या तीव्रतेत यकृताला घातक ठरतं. तेल विकत असाल तर बाटलीवर ही सूचना ठळक लिहा. पाल्याच्या गोणीवर झाडाची जात, कापणीची तारीख आणि शेवटच्या फवारणीची तारीख व औषधाचं नाव नोंदवा.