हॅम रेडिओवरील कमी परिचित संकेत : ऐकावे कसे, वापरावे कसे

हॅम रेडिओच्या, म्हणजे परवाना घेऊन हौसेने चालवायच्या रेडिओच्या, परीक्षेची तयारी करताना क्यूटीएच म्हणजे ठिकाण, क्यूएसएल म्हणजे पोच, क्यूएसओ म्हणजे संभाषण एवढे पाठ होतेच. परंतु ४० मीटर या रेडिओ-लहरींच्या पट्ट्याच्या तळाशी, ७.००० ते ७.०४० मेगाहर्ट्झच्या दरम्यान, मोर्समधील, म्हणजे आखूड-लांब नादांच्या लिपीतील, खरी संभाषणे ऐकू लागले की पुस्तकातील तक्ता अपुरा पडतो. तिथे केएन, एएस, ईएस, ५एनएन असे तुकडे झपाट्याने येऊन जातात आणि ते अक्षर-अक्षर सोडवत बसणाऱ्याच्या हातून पुढचे वाक्य निसटते. म्हणून हे संकेत घोकू नयेत. संभाषणात ते ज्या जागी येतात त्या जागेसह आणि त्यांच्या नादासह शिकावेत, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात क्यूआरएलपासून, म्हणजे फ्रिक्वेन्सी वापरात आहे का या विचारणेपासून, करावी, कारण नवशिक्याकडून नेमका हाच संकेत राहून जातो. १९१२ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत जहाजे आणि किनारी केंद्रांसाठी स्वीकारलेल्या क्यू-संकेतांची रचना अशी आहे की पुढे प्रश्नचिन्ह आले तर तो प्रश्न आणि नसले तर तेच त्याचे उत्तर. त्यामुळे 'सीक्यू' अशी सर्वांना हाक देण्यापूर्वी 'क्यूआरएल?' असे विचारून काही क्षण थांबावे. 'आर' किंवा 'सी' एवढे एकच अक्षर परत आले, तरी फ्रिक्वेन्सी वापरात आहे असे समजून बाजूला व्हावे. आपल्याला शांत वाटणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर दूरचे एखादे केंद्र बोलत असू शकते. त्यातला एकच पक्ष आपल्याला ऐकू येत नसतो, एवढेच.

यानंतर जोडसंकेत. दोन अक्षरे मध्ये जागा न सोडता एकाच नादात पाठवली की जोडसंकेत तयार होतो, म्हणून तो कानानेच ओळखावा लागतो. यात डि किंवा डिट म्हणजे आखूड नाद आणि डा म्हणजे लांब नाद. 'डा-डि-डि-डि-डा' हा बीटी, म्हणजे एक मुद्दा संपून दुसरा सुरू झाला. 'डि-डा-डि-डा-डिट' हा एआर, म्हणजे संदेश संपला. 'डि-डा-डि-डि-डिट' हा एएस, म्हणजे थांबा. 'डा-डि-डा-डा-डिट' हा केएन मात्र नीट लक्षात ठेवावा: आता फक्त समोरच्या, नाव घेतलेल्या केंद्रानेच बोलावे, असा त्याचा अर्थ आहे. नुसते 'के' आले तर कोणीही उत्तर देऊ शकतो. केएन ऐकूनही मध्ये शिरणे हा सरळ सरळ असभ्यपणा आहे.

हे सगळे एकत्र कसे येते, ते लातूरहून पाठवलेल्या एका नमुना-उत्तरात पाहू : 'आर टीएनएक्स एफईआर कॉल बीटी यूआर आरएसटी ५५९ ५५९ क्यूएसबी बीटी क्यूटीएच लातूर लातूर बीटी पीडब्ल्यूआर ५डब्ल्यू ईएस एएनटी डायपोल बीटी एचडब्ल्यू? केएन'. म्हणजे, मिळाले, हाकेबद्दल आभार, तुमचा संदेश पूर्ण वाचता येतो, जोर मध्यम आहे, स्वर शुद्ध आहे, पण आवाज चढतो-उतरतो, ठिकाण लातूर, शक्ती ५ वॅट आणि अँटेना डायपोल, तुम्हाला माझे कसे ऐकू येते? यातील आरएसटी म्हणजे वाचनीयता, जोर आणि स्वर यांचे तीन आकडे. ईएस म्हणजे 'आणि'. तो जुन्या अमेरिकन मोर्समधील चिन्हाचा अवशेष आहे. लातूर या नावासोबत एमके८८ हा जागतिक चौकटीचा, म्हणजे पृथ्वीच्या नकाशावर आखलेल्या चौकोनाचा, संकेतही देता येतो; नांदेड आणि परभणी एमके८९ मध्ये, बीड एमके७८ मध्ये, तर छत्रपती संभाजीनगर एमके७९ मध्ये येते.

क्यूआरएम आणि क्यूआरएन यांतील फरक मराठवाड्यात बसून चांगला शिकता येतो. मे महिन्यात वळवाचे ढग जमू लागले की विजेचे कडाके ४० आणि ८० मीटरवर खडखडाट करतात. तो क्यूआरएन, निसर्गाचा अडथळा. शेजारच्या केंद्राने आपल्यावर चढून बोलणे हा क्यूआरएम. मोटारीच्या स्टार्टरची ठिणगी किंवा स्वस्त एलईडी दिव्याचा गुंजारव यांसारखा मानवनिर्मित गोंगाटही बहुतेक हॅम त्यातच धरतात. हा भेद उपयोगाचा आहे, कारण क्यूआरएमवर क्यूएसवाय, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलणे, हा उपाय चालू शकतो. विजेच्या गडगडाटावर थोडेसे सरकून काहीच साधत नाही. तिथे 'क्यूआरएस', म्हणजे हळू पाठवा, असे सांगून महत्त्वाचे शब्द दोनदा मागावेत. वेग कमी करण्याची विनंती करण्यात कमीपणा मुळीच नाही.

स्पर्धांमध्ये ५९९ ऐवजी ५एनएन ऐकू येते. नऊ पाठवायला चार डा आणि एक डिट लागतात, तर 'एन'ला केवळ 'डा-डिट'. शून्याच्या पाच डांऐवजी 'टी'चा एकच डा पुरतो. ही काटछाट फक्त आकड्यांपुरती ठेवावी, कॉल साइनमध्ये, म्हणजे केंद्राच्या ओळख-संकेतात, कधीही करू नये. निरोपाचा ७३ हा तारायंत्राच्या काळातला आहे. आपल्या तार खात्यातही लग्नाच्या शुभेच्छांच्या ठरावीक वाक्यांना क्रमांक असत, तसाच हा प्रकार. ७३ म्हणजेच 'शुभेच्छा', त्यामुळे त्याला अनेकवचनाचा 'एस' जोडू नये.

सरावासाठी आधी परवाना हाती येण्याची वाट पाहायला नको. प्रक्षेपणाला परवाना हवाच, पण नेदरलँड्समधील ट्वेन्टे विद्यापीठाचा वेबएसडीआर हा रेडिओ-ग्राहक इंटरनेटवरून ऐकता येतो. रोज थोडा वेळ ऐकून, अर्थ न शोधता, फक्त बीटी आणि केएन कुठे आले एवढेच कागदावर टिपावे.

आपत्तीत मात्र वेगळी शिस्त लागते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हॅमचालकांनी संपर्काची सेवा दिली होती. अशा वेळी सर्वांत उपयोगी पडतो क्यूएसपी. त्याचा अर्थ, तुमचा संदेश मी पुढे पोचवतो. ज्या दोन केंद्रांना एकमेकांचे ऐकू येत नाही, त्यांच्यामध्ये तिसऱ्याने उभे राहण्याची ती तयारी आहे. संदेशातील गावांची नावे आणि औषधांची संख्या यांत कोणतीही काटछाट करू नये आणि ध्वनिसंभाषणात संकेतांऐवजी साधी मराठी किंवा हिंदीच वापरावी. नोंदवहीत वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून लिहावी आणि तारीखही तपासावी : किल्लारीचा धक्का आपल्याकडे ३० सप्टेंबरच्या पहाटे ३:५६ च्या सुमारास बसला, पण यूटीसीनुसार तो २९ सप्टेंबरच्या रात्री २२:२६ च्या सुमारास नोंदवावा लागतो.